कंटिन्युइटी

बरबँकच्या अकरा नंबर स्टेजवर
मला चुका जपण्याचा पगार मिळतो.
कपात कॉफी किती उरली होती,
शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर की कपाळावर,
सगळं वहीत. फोटो वेगळे.
पहिल्या शॉटमध्ये जे होतं
ते शेवटच्या शॉटपर्यंत तसंच राहिलं पाहिजे,
नाहीतर प्रेक्षक पत्रं लिहितात.

आमच्या मालिकेत एक हुशार आहे.
त्याच्या चष्म्याला काचा नाहीत, दिव्यांची तिरीप येते म्हणून.
त्याच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट आडवा मांडलेला,
उजव्या हाताला काळं घर.
सात सीझन हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
आलं ते रस्टीच्या,
जो मालिकेतला ढ आहे
आणि जेवणाच्या सुट्टीत लाइटवाल्यांना
पंधरा चालींत मात देतो.
हुशार मात्र 'समीकरण' म्हणताना अडखळतो.
चार टेक. पाचव्याला टाळ्या.

एक शेजारीण आहे, परदेशी.
कुठली, ते लेखकांनी अजून ठरवलेलं नाही.
उच्चार तेवढे ठरलेत.
पोरगी बेकर्सफील्डची. तिला सांगतात,
'र' जरा घोळव, तुझ्या आजीसारखा.
आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ती म्हणते,
तिच्याइतकं स्वच्छ इंग्रजी अख्ख्या गल्लीत कुणी बोलत नसे.
लेखकांना हा विनोद वाटला.
लिहून घेतला.

मी या देशात आले तेव्हा माझाही 'व' चुकायचा.
आता दुसऱ्यांचे चुकलेले 'व' मी तपासते:
मागच्या आठवड्यात चुकला होता ना,
मग आजही चुकू दे.
कुऱ्हाडीचा दांडा, दुसरं काय.

गुरुवारी लिगाया आली.
कॉल शीटवर: सफाईवाली, संवाद नाही.
इलोइलोच्या शाळेत बावीस वर्षं
तिने बीजगणित शिकवलं, हे कॉल शीटवर नव्हतं.
मॉप घेऊन हुशाराच्या फळ्यासमोरून
डावीकडून उजवीकडे जायचं, एवढंच काम.
तिसऱ्या टेकला ती थबकली.
चौथ्या ओळीत अधिक होतं.
उणे हवं होतं.
तिने बाहीच्या टोकाने उभी रेघ पुसली,
फक्त उभी,
आणि फरशी पुसत पुढे गेली.

प्रेक्षक हसले. हसा अशी पाटी लागली असणार.
कट! आर्पिने, फळा!
मी वही उघडली.
दोन टेकमध्ये अधिक, एकात उणे.
बरोबर कुठलं, असं कुणी विचारलं नाही.
तो प्रश्न माझ्या खात्यातला नव्हेच.
मी मार्कर घेतला,
उभी रेघ होती तिथे परत ओढली.
हात थरथरला नाही, याचीही नोंद असू दे.
लिगाया बघत होती,
शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तशी.
राग नव्हता त्यात.
उद्या हिला पुन्हा पहिल्यापासून समजवायला हवं,
असं काहीतरी.

मार्चमध्ये एपिसोड लागला.
मॉप बादलीत अडकतो तिथे नातू खदखदला.
मीही हसले, सवयीने,
मागच्या वेळी जेवढी हसले होते तेवढीच.

फ्रिजवर एक फोटो लावलाय.
फळा, चौथी ओळ, उणे.
मार्कर हातात घेण्याआधी काढला होता.
मागे शॉट नंबर लिहिलेला नाही.
तो कशाशीच जुळत नाही.