हाफ मार्जिन

पान मधोमध दुमडायचं.
उजवीकडे आम्ही लिहायचं, डावीकडे खात्याने.
ग्वाल्हेरला, झाशी रोडच्या कचेरीत, तेवीस वर्षं
हेच शिकले, नव्यांना हेच शिकवलं:
आवाज चढवायचा नाही. तारीख टाकायची.

यंदा तपासायला आलंय
विम्याचे दावे पास करणारं सॉफ्टवेअर.
बेचाळीस कोटी, तीन मुदतवाढी.
बाहेर दुपारपर्यंत धुकं. भोपाळहून आलेले तरुण साहेब
गजकचा डबा पुढे सरकवतात, म्हणतात,
मॅडम, आता यात माणसाचा हातच लागत नाही.

खरंच लागत नाही.
एकतीस मार्चला चाचणी यशस्वी, सहीशिक्क्यानिशी.
सर्व्हर उतरले जूनमध्ये. ट्रकची पावती सोबत जोडली आहे.
एक पेशंट चार तारखेला घरी गेला
आणि सहाला भरती झाला.
‘टेस्ट टेस्ट’ नावाच्या गृहस्थांची
मोतीबिंदूची तीन ऑपरेशनं मंजूर, रक्कम अदा.
त्यांना तिसरा डोळा असावा.
हे लिहिलं नाही. हसले, परिशिष्ट दोनमध्ये घातलं.

मग ओळ क्रमांक एक लाख अठरा हजार नऊशे चार.
गेंदालाल कुशवाह, डबरा. डायलिसिस.
कार्डावर गेंदा लाल, आधारवर गेंदालाल.
मधल्या तेवढ्या फटीसाठी
सात वेळा परत.
आठव्या वेळी दावा नाहीच.
तक्रारीच्या चौकटीत कुणीतरी, बहुधा मुलीने,
एवढंच टाइप केलंय: अब रहने दीजिए.
त्यापुढे स्थिती: निराकरण झाले.
हिरव्या रंगात.

मी त्या हिरव्याकडे बघत बसले.
चहावर साय धरली.

उजव्या बाजूला लिहिलं ते असं:
नावातील मोकळ्या जागेबाबत पडताळणीचे नियम
तपासल्याचे आढळून आले नाही.
मसुदा वर गेला तेव्हा त्यात गेंदालाल होते,
खाली आला तेव्हा ‘एक लाभार्थी’.
भाषा सुधारली आहे, दिघेसाहेब म्हणाले,
आणि ते चूक नव्हते; आमच्याकडे असंच लिहितात.

तीन महिन्यांनी डावीकडे उत्तर उमटलं, दीड ओळ:
नोंद घेतली. भविष्यात
दक्षता घेण्यात येईल.

खाली बरंच पान कोरं.
ती बाजू आमची नव्हे, तिथे आम्ही काही लिहीत नाही.
शिपाई फाइल न्यायला येईपर्यंत
मी तिथे पेन्सिलीने त्यांचं नाव लिहिलं,
मध्ये जागा न सोडता.