खातं

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
विर्वे कासेसालू दिवा ओढून जवळ घेते
आणि हेल्मीबाईंची वही उघडते.
सारेमा बेटावरच्या शाळेची वही, निळी शाई,
मागच्या पानावर कुणा पोराचा सातचा पाढा, चुकलेला.

एका ओळीत एक भेट.
कोण, कुणाकडे, कुठे, कधी, कुणी पाहिलं.
शेवटचा रकाना लोक गाळतात. विर्वे गाळत नाही.
न पाहिलेले भुंगेही फुलांवर बसतातच की,
पण ते या खात्यावर जमा होत नाहीत.

भिंतीवर क्रियापदांची यादी चिकटवलेली:
खातं. अंगावर जगतं. बी वाहून नेतं. परागण करतं. भेट देतं.
यातलं एकच निवडायचं.
हेल्मीबाईंनी सगळीकडे लिहिलंय नुसतं "बसला".
रैमो, नवा मुलगा, म्हणतो, परागणच टाकू या की,
भुंगा क्लोव्हरवर बसून दुसरं काय करणार?
विर्वे चष्म्यावरून बघते. तू होतास तिथे?
आणि यादीतलं सगळ्यात दुबळं क्रियापद उचलते.
भेट देतं.
आपण काही सोयरिकी जुळवायला बसलेलो नाही.

पांढऱ्या शेपटीच्या भुंग्याची आणखी एक भानगड.
बाईंच्या वेळी तो एक होता,
आता पंडितांनी त्याच्या तीन जाती केल्यात.
दिसायला तिघे सारखेच, आणि वहीत पंख ना पाय.
"तिघांपैकी एक," विर्वे टाइप करते.
पुढची ओळ. तिघांपैकी एक. पुढची.
कॉफीवर साय धरते.

२४ मार्च १९४९. विलोच्या कळ्या फुटतायत.
अजून कुणी आलं नाही.

त्यानंतर पानं कोरी.
एप्रिल, मे, सगळा उन्हाळा, पुढचा उन्हाळा.
रैमोची बोटं कीबोर्डवर: शून्य भरू?
नको.
शून्य म्हणजे कुणीतरी उभं राहून पाहिलं, आणि भुंगा नव्हता.
हे शून्य नाही. हे रिकामं आहे.
इथे भुंगे असतील. पाहणारी बाई नव्हती.
पंचवीस तारखेला पहाटे दारांवर थापा पडल्या
हे रैमो शाळेत शिकलाय, एक धडा, चार गुणांचा.
तो शून्य पुसतो. एकदा पुसलं गेलंय, तरी पुन्हा पुसतो.

मग जुलै १९५२. पेन्सिल.
अक्षर तेच, फक्त ओळी एकमेकींना चिकटलेल्या,
कागद पुरवून वापरणाऱ्या माणसाच्या.
फूल: पोड्राकानेप, उंच, जांभळट गुलाबी,
जळल्या-तोडल्या रानात सगळ्यात आधी उगवणारं.
कोण: भुंगा, ओळखीचा नाही.
कुठे: लाकडं तोडतो तिथे, नदीच्या वरच्या अंगाला.
बसला.

कुठली नदी?
विर्वे संध्याकाळभर सायबेरियाचे जुने नकाशे चाळते.
आठ वाजता एक बिंदू ठेवते येनिसेईच्या पूर्वेला
आणि भोवती वर्तुळ.
अनिश्चितता: दोनशे किलोमीटर.
कुणी पाहिलं: हे. लानेमॅगी.

कोट चढवता चढवता रैमो विचारतो,
तिथेसुद्धा भुंगे कशाला मोजत बसल्या असतील?
विर्वेला उत्तर येत नाही, आणि तसा रकानाही नाही.
शेऱ्याला दोनशे अक्षरांची जागा आहे.
ती लिहिते, "इथून पुढे पेन्सिल."
उरलेली जागा तशीच ठेवते.

रात्री बाराला फाइल आपोआप वर चढते.
कुलूप नाही, फी नाही, नाव सांगायचीही गरज नाही.
कुरितीबात कुणीतरी ती उतरवून घेईल,
एक्केचाळीस हजार ओळी, आणि घाईत
दोनशे किलोमीटरच्या वरचं सगळं गाळेल.
ही ओळ बरोब्बर दोनशेवर आहे.
विर्वेने आकडा दोनदा तपासला होता.