पेन अडखळतं तेव्हा

ग्रिम्सबीत सप्टेंबरपासूनच वारा
न विचारता आत येतो.
आमची सपोर्ट रूम म्हणजे जिन्याखालची खोली,
पूर्वी इथे हॉकीच्या काठ्या ठेवत.
आता चार लॅपटॉप, सहा हेडफोन, त्यातल्या एकाचा कान तुटका,
पिवळे-निळे पारदर्शक कागद,
आणि मी.

रोरी ब्लँचर्ड, वय पंधरा.
धड्यावर पिवळा कागद ठेवतो, मग निळा, मग पुन्हा पिवळा,
तापलेल्या कपाळावरची पट्टी बदलावी तसा.
अक्षरं जरा निवतात, म्हणतो.
जराच.

लिहायचं असलं की तो बोलतो, यंत्र लिहितं.
निबंध आजोबांच्या धुरीघरावर.
तो म्हणाला हॅडॉक,
यंत्राने लिहिलं हेडेक.
दोनशे हेडेक रात्रभर आकड्यांना टांगून
पिवळे होईपर्यंत धुरात ठेवतात.
मला हसू फुटलं. त्याला नाही.
त्याने पाठ ताठ केली, घसा खाकरला,
आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज काढून
पुन्हा म्हणाला, हॅडॉक.
आता यंत्राला कळलं.

हा आवाज माझ्या ओळखीचा.
गॅस कंपनीला फोन लावताना
मीही कपाटातून असाच एक काढते,
कडक इस्त्रीचा, काखेत काचणारा.
म्हटलं, तुझ्याच आवाजात बोल रे,
चुकू दे त्याला, तू दुरुस्त करत जा,
हळूहळू शिकेल ते.
"त्याला एक्स्ट्रा टाइम किती मिळतो?"
रोरीने विचारलं.

गुरुवारी वाचणारं पेन आलं.
ओळीवरून फिरवलं की कानात एक बाई वाचते,
न दमता, न सुस्कारता,
एकच शब्द नऊ वेळा विचारला तरी
नवव्यांदाही पहिल्यासारखी.
मला हे जमलेलं नाही, कबूल करते.
त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून घेतलं:
मृण्मयीचं झालं मर्नमाई.
मग टेबलावर माझी वाण्याची यादी दिसली,
मेथी, धणे, घेवडा, साबुदाणा,
तिच्यावर फिरवलं.
पेन थबकलं. पुन्हा फिरवलं.
"एच. नऊ. टी. टी. स्वल्पविराम."
रोरी खुर्चीवरून पडायच्या बेतात,
"मिस, ह्यालाही होतं! ह्यालाही!"

मग यादी डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत बसला.
तुमची अक्षरं बरी आहेत, म्हणाला,
दोरीवर चिमट्याने लावलेली.
आमची सुटी.
वारा सुटला की कुठल्या कुठे.

मी म्हटलं, दोरीवरचीही पलटतात.
आमच्याकडे ध चा मा झाला
आणि एका माणसाचा जीव गेला, असं सांगतात.
तो क्षणभर गप्प.
"माझा रोज बीचा डी होतो,
कुणी मरत नाही," तो म्हणाला,
आणि पिवळा कागद उगाच सरळ केला.

घरी येताना सुधन्वा आठवला.
तासगावच्या शाळेत, फळ्यापाशी,
स्वतःचंच नाव सुघन्वा लिहिणारा माझा भाऊ.
पूर्ण वर्ग हसला होता. दुसऱ्या बाकावरून मीही.
आता त्याचं गॅरेज आहे,
इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो,
बिलं वहिनी लिहिते.

माझ्या लांबलचक मेसेजला तो उत्तर देतो,
एक अंगठा.
किंवा रात्री उशिरा चाळीस सेकंदांचा आवाज,
मागे पाने वाजताहेत, कुणीतरी चहा ओततंय.
टाइप करायला काय होतं रे तुला,
वर्षानुवर्षं विचारत आले,
प्रश्न म्हणून कधीच नाही.

आज बस स्टॉपवर, टोपी कानांवर ओढून,
माइकचं बटण दाबून धरलं.
वाराच जास्त गेला असेल त्यात.
ऐकू आलं तेवढं ऐक, म्हटलं,
राहिलेलं उद्या पुन्हा बोलेन.