झायलीननं नेलेलं

घार टाइल्सच्या खोक्यातून आली.
खोक्यावर बाण : ही बाजू वर. बाण खाली होता.
ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीखाली
वॉचमन गुणवंत वानखडेला सापडली, साडेसहाला.
म्हणाला, ‘मॅडम, काचेत तिला खाडीच दिसली असणार.’
मी फॉर्मवर लिहिलं : आघात.
कारणाच्या रकान्यात खाडी लिहिता येत नाही.

डोळा काढायला वेळ लागला.
खोबणीत इतका गच्च, की जिवंतपणी
इकडेतिकडे बघायचं तर मानच फिरवायची ती.
बुबुळाभोवती हाडाच्या चकत्यांचं कडं,
एकीवर एक सरकवलेल्या,
दिवाळ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या कौलांसारख्या.
कडं मऊ व्हायला आम्लात ठेवलं.
तेवढ्यात शनिवार-रविवार येऊन गेला,
काकांच्या होडीचं इंजिन बिघडलं, सुधारलं.

मग अल्कोहोल, चढत्या क्रमानं.
मग झायलीन. मग मेण.
पाच मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर पसरला
सायीसारखा,
तो मी श्वास धरून काचेवर उचलला.
ही दुसरी काच. हिला ती धडकली नव्हती.

जांभळ्या-गुलाबीत सगळं उघडलं.
दृष्टिपटलात रक्तवाहिनी एकही नाही,
नजरेच्या वाटेत सावली नको म्हणून असेल.
रक्ताची सोय बाजूला : काचरसात उभी
काळी, चुण्याचुण्यांची फणी.
आईच्या फणीचे दातेही असेच काळे, तेलानं.
घड्या मोजल्या. एक कापताना फाटली,
ती धरली नाही.
पुस्तकात खळगे दोन असतात.
मला एकच मिळाला, तोही कडेनं.

आणि शंकूंच्या टोकांशी,
जिथं तेलाचे थेंब असतात, लाल, पिवळे, काही अगदी फिके,
ज्यांतून गाळून ती बघायची
तिवरं, ओहोटीचा चिखल,
तुर्भ्याच्या कचऱ्यातलं कोंबडीचं आतडं,
तिथं नुसती गोल भोकं.

रंग झायलीननं नेले.
ते नेहमीच नेतं. पहिल्या वर्षाला शिकवतात.
ताज्या दृष्टिपटलाचा चिमूटभर तुकडा
आधीच काचेखाली दाबला असता तर दिसले असते.
पण घार आली तेव्हा माझी पाच-चाळीसची बस होती.

वापरलेलं झायलीन कॅनमध्ये ओतण्याआधी
मी बाटली खिडकीशी धरली.
स्वच्छ. पलीकडची पाण्याची टाकी दिसत होती.

गुरुवारी वानखडेंचा फोन.
‘साहेबांनी काचेवर कागदाची घार चिकटवलीय. काळी.
पण मॅडम, त्यांना रंग कळतात ना?’
म्हटलं, कळतात. आपल्यापेक्षा जास्त.
‘म्हणजे किती?’

स्लाइड भिंगाखालीच होती.
मी फोन कानाशी धरून
भोकं मोजायला लागले.