डावीकडे बेकरी

सकाळी सातला मेडेयीनहून बस सुटते
आणि मी माइक हातात घेऊन
माझ्या ठरलेल्या सात विनोदांतला पहिला सोडतो.
तिसरा त्या अजस्र खडकाच्या पायऱ्यांपाशी येतो,
पाचवा जेवणात, मासा ताटातून वर बघतो तेव्हा.

आज चौथ्या रांगेत, खिडकीशी, आई बसली आहे.
तिकीट काढून. सवलत नको म्हणाली.
"लोकांना काय सांगतोस ते एकदा ऐकते."

अकरा वर्षं मी हा दिवस विकतो आहे.
ती कधी आली नव्हती.

तलाव आज हिरवा,
वाऱ्याने नुकताच विंचरलेला.
पाण्यातून वर आलेल्या क्रुसापाशी ओविदिओने बोट आणली
आणि मी आवाज खाली घेतला,
इथे मी नेहमीच खाली घेतो:
मंडळी, आपल्या पायांखाली एक गाव आहे.
शहराला वीज हवी होती, म्हणून गाव पाण्याला दिलं.
बरोब्बर इथे चर्च होतं.
अगदी गप्प राहिलात तर घंटा ऐकू येते.
एका जर्मन बाईने खरंच कान पाण्याकडे नेला.

"इथे नाही," आई म्हणाली.

"चर्च पलीकडे, त्या पिवळ्या बोटीच्या मागे.
आणि घंटा तर आधीच नेली ट्रकमधून,
दोरखंडाने करकचून बांधून, डुकरीण न्यावी तशी.
मी उभी होते ना.
खाली काय वाजणार, डोंबल?"

ओविदिओने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि इंजिन बंद केलं.

ती उठली. लाइफ जॅकेट हनुवटीला टेकलेलं.
हात लांब करून ती पाण्यावर गल्ल्या पाडू लागली:
हा उतार. हे रोसेन्दोचं दुकान,
उधारीची वही खिळ्याला टांगलेली.
या दगडावरून मी घसरले, सातवा महिना होता,
तू पोटात होतास,
म्हणजे तूही राहिलायस इथे, एक पैसा भाडं न देता.
डावीकडे बेकरी, पहाटे चारला रांग.
ओविदिओ, बाबा, जरा बाजूला घे,
आपण भट्टीवर उभे आहोत.

आणि ओविदिओने वल्हं घालून बोट खरोखर सरकवली,
सावकाश,
भट्टी अजून तापलेली असावी अशा बेताने.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
एकाने मला हळूच विचारलं, या बाई रोज असतात का?

दुपारी ग्वातापेचा रंगीत गाव.
दर घराच्या भिंतीला, गुडघ्याइतक्या उंचीवर,
उठावाची चित्रं: शिंप्याकडे शिलाईयंत्र,
गवळ्याकडे गाय, कुणाकडे नुसत्या मेंढ्या.
भिंती बोलतात, मी म्हणालो. (सहावा विनोद यानंतर असतो.)
आई एका जांभळ्या घरापुढे थांबली.
"यांच्यात पोपट कोण होतं?"
कुणी नाही आई, पर्यटकांना आवडतो.
"हं."

पुढच्या वळणावर पावाचं चित्र.
बेकरीवाल्यांचे नातू आता इथे राहतात.
तिने अंगठा फिरवला,
रंग ताजा होता, नखात आला.
"फारच पिवळा केलाय.
असा कच्चा पाव त्या म्हाताऱ्याने
विकला नसता कधी."
पण जागची हलली नाही.
गट पुढे निघून गेला, माझी लाल छत्री मलाच परत आणावी लागली.

येताना बस अंधारी.
सातवा विनोद मी केलाच नाही, कुणाला कळलं नाही.
जर्मन बाईने तिला वीस हजार पेसो दिले होते,
ती नोट उलगडे, घडी करे.
"घंटा काढून टाक," म्हणाली.
मग तिथे काय सांगू?

टोलनाक्यापर्यंत ती विचार करत होती.
"चारला रांग लागायची, तेवढं सांग.
आणि पुढच्या खेपेला बोट
रोसेन्दोच्या दुकानाशी थांबव,
माझे तिथे अडीच पेसो देणं आहे."