अंदाजे चार

मिशनच्या जाड नोंदवहीत तिचा बाप्तिस्मा आहे,
जन्म नाही.
"सेसिलिया. मुलगी. वय अंदाजे चार."
'अंदाजे' या शब्दावर गळक्या कौलांचा पिवळा डाग.

रेशन कार्डावर ती शेषाबाई,
तलाठ्याने ऐकलं तसं लिहिलं.
मतदार यादीत ती थोरल्या काकांहून तीन वर्षांनी लहान,
म्हणजे पोटच्या पोराहून.
"देवाले माहीत हाय न? मंग झालं."

तिची रोजरी एकदा पऱ्हाटीत तुटली.
सीतादहीच्या आदल्या दिवशी, भरल्या ओटीनिशी
चार बाया अंधार पडेस्तोवर वाकून मणी शोधत होत्या.
पंचफुलाबाई त्यांच्यात होती, महानुभावांच्या घरची,
तिला या मण्यांचं काही लागत नव्हतं,
तरी सगळ्यात जास्त तिलाच सापडले.
अठ्ठावन्न. एक गेला तो गेलाच.
आजोबांनी चांद्या बैलाच्या गळ्यातला निळा मणी सोडून
त्या जागी ओवला.
तिसऱ्या दशकात, सातव्या नमो मरियेला
तिचं बोट अडायचं,
तिथे ती जनावरांसाठी मागायची.
आणि पंचफुलेच्या गुडघ्यांसाठी.

आठ बाळंतपणं. सहा जगली.
लाजरस गोवरात गेला, सात वर्षांचा,
शाळेची पाटी तशीच भिंतीला टेकलेली.
त्या उन्हाळ्यात तिने मरियेची तसबीर भिंतीकडे फिरवली.
रविवारी मिस्साला जायची,
उभी राहायची, गुडघे टेकायची,
तोंड मात्र उघडायची नाही.
फादर काही बोलले नाहीत. आजोबाही नाहीत.
पहिल्या पेरणीच्या सुमारास कधीतरी
पदराने मागची धूळ पुसून तिने तसबीर सरळ केली,
एवढंच म्हणाली, "तुयं बी गेलं न वो माय."

पोरगी सिस्टर झाली, रांचीकडे गेली,
तिची पत्रं मी वाचून दाखवायचो.
"तब्येत ठीक आहे" आलं की म्हणायची,
"हे सोड. खाली काय लिवलं?"
केरळातून नवे फादर आले
ते मराठी तिच्या ओट्यावर शिकले, ज्वारी पाखडता पाखडता.
आता ते अमरावतीला मोठ्या चर्चमध्ये असतात,
पण प्रवचनाच्या मध्येच त्यांचं "काहून?" निघतं
आणि मागच्या बाकांवर आमच्याकडचे हसतात.

उत्तम शुक्रवारी घरात फक्त आंबील,
बाहेर पंचेचाळीस डिग्री,
आणि ती अनवाणी, चौदा थांबे.
"त्यायले तं सावली बी नव्हती."

शेवटी कान गेले, मग नावं गेली.
बाजेवर पडल्या पडल्या
ती संतांची आळवणी सुरू करायची,
संत योसेफा, संत अन्ना,
आणि पुढे रस्ता चुकायची:
इग्नास. लाजरस. पंचफुला.
खालच्या वावरातली विहीर.
चांद्या.
आम्ही बाजेभोवती उभे,
सुना, नातू, नातसुना, कडेवरची पोरं,
पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं,
मग सगळे म्हणू लागलो:
आमच्यासाठी विनंती कर.
चांद्या बैला, आमच्यासाठी विनंती कर.

क्रूसावर अक्षरं काढणारा पोऱ्या परतवाड्याहून आला.
अक्षरामागे पैसे. कोणतं नाव, विचारू लागला.
काका म्हणाले, नोंदवहीतलं. आत्या म्हणाली, कार्डावरचं.
भांडण संध्याकाळपर्यंत चाललं,
तोवर त्याने चार कप चहा प्यायला.
शेवटी लिहिलं, गाव हाक मारायचं तेच: शेशाबाई.
जन्माच्या पुढे नुसती रेघ.
रेघेचे पैसे त्याने घेतले नाहीत.

रोजरी तिच्याच हातात ठेवली.
माझा तेवढा विश्वास नाही,
आईला ते माहीत आहे, ती विचारत नाही.
पण त्या वावरात वखर फिरला
की मी उलटलेल्या मातीकडे बघत चालतो,
धुऱ्यावरून पंचफुलाबाईची सून ओरडते,
"गावला का रे?"
मी मान हलवतो.
बैल पुढे जातात.