टक

विजापूर वेशीच्या आतल्या बोळात
नदाफांचं दुकान आहे, पाटी नसलेलं.
बाहेर मिक्सरची भांडी, एका पायाचं शिलाई मशीन.
आत, खुंटीवर, पॉलिथिनमध्ये झाकलेली
ती.

हा माझा तिसरा मंगळवार.
पहिल्यांदा काही विचारलंच नाही,
दुसऱ्यांदा शेजारच्या कंदिलाची किंमत विचारली.
आज त्यांनीच ती खाली काढली,
फुंकर मारली, म्हणाले,
"घ्या बाई. किती दिवस कंदील बघूलालाव?"

पुण्याहून अखिलानं यादी पाठवली होती :
टाके तिरके हवेत, सगळे एकाच कोनात.
पितळ जड हवं. कातडं बोटाखाली ऊबदार व्हायला हवं.
आत नंबर हवा, दाबून उमटवलेला.
आणि ते फ्रेंच नाव, ज्याचं शेवटचं अक्षर
लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
आमच्या घरी उलटं होतं.
तेलुगू नुसती म्हणायची,
लिहायला कुणालाच येत नव्हती.

रेक्झिनच्या पिशवीतून मी पिकग्लास काढलं.
अण्णांचं. मिल बंद पडली तेव्हा
थकलेल्या पगारापोटी टॉवेल दिले होते,
हे मात्र त्यांनी स्वतःच खिशात घालून आणलं.
इंचभर चौकोनी खिडकी, वर भिंग.
त्यातून कापडाचे धागे मोजायचे,
उभे किती, आडवे किती.
जेवताना भाकरीकडेसुद्धा तसेच बघायचे.
नदाफ म्हणाले, "हे विकायचंय का?"

टाके मोजले. इंचाला नऊ.
पुढच्या इंचाला नऊ. मग कोपऱ्यावर
साडेसात, आणि एक गाठ,
कुणीतरी दाभणानं, जाड दोऱ्यानं,
दिवा जायच्या आत उरकल्यासारखी.
"खोटी वस्तू कोण दुरुस्त करतं, बाई?"
ह्याला उत्तर देता येईना मला.

खटका दाबला.
आत नंबर नव्हता. मूळचं अस्तरच नव्हतं.
अस्तराच्या जागी चादर.
आपली. मोराची.
कडेला बोट घालून उलटवली :
इकडे लाल मोर, पांढरी जमीन,
तिकडे पांढरा मोर, जमीन लाल.
दोन्हीकडून सुलट.
भिंग टेकवलं, पण मोजायच्या आधीच कळलं,
दारातल्या चपलांवरून कळतं ना
कोण आलंय, तसं.

खरं सांगू, मला पर्स नकोच होती.
आवाज हवा होता.
बारा-तेरा वर्षांची होते. आईबरोबर दवाखान्यात.
बिड्या वळून वळून धरलेली तिची छाती.
तपासून झालं. आईनं पदराची गाठ सोडायला घेतली,
तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी
टेबलावरची आपली पर्स मिटली :
टक.
म्हणाल्या, राहू द्या फी.
बाहेर येऊन आई पार अशोक चौकापर्यंत बोलली नाही.
मला वाटलं, त्या आवाजानं गप्प झाली.

चार हजारांपासून सुरुवात.
मी म्हटलं, नंबर नाही. ते म्हणाले, अस्तर नवंय.
मी म्हटलं, कुठलं नवं, तीस वर्षांचं आहे.
ते म्हणाले, बघा, तुम्हीच म्हणालात जुनंय!
अकराशे पन्नास.
वरचे पन्नास त्यांनी चहासाठी परत केले
आणि चहा मीच पाजला.

सात रस्त्याला, रिक्षात,
उघडली, मिटली. उघडली, मिटली.
रिक्षावाला आरशातून :
"मावशी, काय मोडलं का काय?"

रात्री अखिलाचा व्हिडिओ कॉल.
"नंबर दाखव."
नाहीये.
"मग गेले पैसे, आत्या."
मी पर्स फोनच्या अगदी जवळ धरली,
उघडली,
मिटली.
"काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली,
"तुझा आवाज तुटतोय."